दुसरं बोलावणं

व्हॅम्पायरला लसूण चालत नाही, असं त्या मीटिंगमध्ये कुणीतरी अगदी गंभीरपणे सांगितलं आणि मला हसू आवरेना. मुंबईतलं ऑफिस, एसी इतका की खांदे आखडलेले, आणि टेबलाभोवतीची सगळी मंडळी एका जुन्या, जगभर गाजलेल्या इंग्रजी कादंबरीची मराठी मालिका कशी करायची या विवंचनेत. दूर डोंगरातल्या गढीत राहणारा एक उमराव, मेलेला पण न मेलेला, माणसांच्या रक्तावर जगणारा. कुणीतरी उदगीरच्या किल्ल्याचे फोटो पाहिले होते, म्हणून गोष्ट तिकडे न्यायची ठरली होती. आणि मी उदगीरची, म्हणून लेखिका मी.

"लसूण काढून टाका," मी म्हटलं. "आमच्याकडे सकाळच्या भाकरीबरोबरच लसणाची चटणी असते. तुमचा व्हॅम्पायर पहिल्या भागातच आटपेल."

मग तो आरशात दिसत नाही हा नियम आला, ऊन सोसत नाही हा आला. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, "आणि तो बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकू शकत नाही. हा तर काढूनच टाकू. गावाकडं दारं उघडीच असतात, कोण कुणाला बोलावतं?"

माझं हसू थांबलं. "हा ठेवायचा," मी म्हटलं. "बाकीचे सगळे गेले तरी चालतील."

त्याला सांगावं लागलं. आमच्या गल्लीत जेवण असलं की आदल्या दिवशी दारोदार आवतन जातं. उद्या दुपारी जेवायला या, एवढंच. पण तेवढ्यावर कुणी उठून जात नाही. पानं मांडली, वाढणाऱ्या बायकांनी पदर खोचले, की पुन्हा माणूस दारात येतो, चला, पानं वाढलीत. हे बोलावणं. ते आल्याशिवाय मानाचा माणूस घरातून हलत नाही. न्हाऊन, धुतलेले कपडे घालून तो ओट्यावर बसून राहतो. पोटात कावळे ओरडत असले तरी बसून राहतो.

"वा," दिग्दर्शक म्हणाला. "म्हणजे आपला व्हॅम्पायर मानाचा माणूस."

"हो," मी म्हटलं. "बसलिंगप्पांसारखा."

हे कोण, असं त्यानं विचारलं नाही. बरंच झालं.

बसलिंगप्पा माझे थोरले चुलते. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची आडत, गल्लीच्या वरच्या टोकाला त्यांचं घर, खालच्या टोकाला आमचं. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणते. वडील लवकर गेले, त्यामुळे आम्हा दोघी बहिणींना आणि आमच्या आईला, म्हणजे अव्वाला, आप्पांच्या शब्दाबाहेर जग नव्हतं. गल्लीत कुणाकडेही जेवण असलं तरी आवतनाला कुठल्या दारी जायचं हे आप्पा सांगायचे आणि विरूपाक्ष नावाचा त्यांचा माणूस फिरायचा.

माझी धाकटी बहीण स्वप्नाली नांदेडला शिकायला गेली आणि तिथं तिनं प्रेमशी लग्न ठरवलं. प्रेम बौद्ध. पाटबंधारे खात्यात नोकरी, बोलायला कमी, कामाला पुढे. अव्वा एकदाच नांदेडला जाऊन त्याला बघून आली आणि म्हणाली, "पोरगा न्हातो-धुतो, खोटं बोलत न्हाई. अजून काय पायजे?"

आप्पा आले. दर बसवजयंतीला माईकवरून, शरणांनी जात मोडली, सगळे सारखे, असं घसा बसेपर्यंत सांगणारे आमचे आप्पा. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, उपरण्याच्या टोकानं तोंड पुसलं, आधी डावा कोपरा, मग उजवा. अव्वाला म्हणाले, "त्याच्या हातचं पाणी ह्या गल्लीत कुणी पिणार न्हाई, रत्नम्मा." एवढंच. मग उठले आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, "येतो." आणि अव्वाही रिवाजाप्रमाणे म्हणाली, "या, आप्पा."

ते पुन्हा आले नाहीत. त्यानंतर आमच्या दारात आवतनही आलं नाही.

श्रावणात एका जेवणाचं आवतन घेऊन शेजारी दोन्ही बाजूंना विरूपाक्ष गेला आणि आमच्या दारावरून खाली मान घालून पुढे निघाला. अव्वाला वाटलं, विसरला. दुसऱ्या दिवशी ती न्हाली, इरकली लुगडं नेसली आणि दारात बसली. आवतन राहिलं तरी बोलावणं येईल, अशी तिची समजूत. या बाईनं गल्लीतल्या प्रत्येक लग्नात पुरणाच्या पोळ्या लाटल्या होत्या. तिला सोडून गल्ली जेवेल हे तिच्या डोक्यातच शिरेना. गल्ली जेवली. वासावरून काय शिजलंय ते अव्वा आत येऊन मला सांगायची, आणि मग आम्ही दोघी पिठलं-भाकरी खायचो.

असं एकदा झालं असतं तर मी विसरलेही असते. पण ती दर वेळी बसायची. मी चिडायचे, "अव्वा, कशाला बसतीस? त्यांनी मुद्दाम केलंय." ती म्हणायची, "असू दे. आलंच बोलावणं, अन् मी पारोशी असले तर?" वर्षानुवर्षं. केस पांढरे झाले, लुगड्याचा काठ विरला, तरी बाई दारात. बहिष्काराविरुद्ध कायदा आहे म्हणतात. पण जेवायला बोलावलं नाही, ही फिर्याद कुठल्या पोलीस ठाण्यात लिहून घेतात?

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. अव्वा गेली तेव्हा तिलाही तसंच बसवलं. मांडी घालून, भिंतीला टेकवून, कपाळभर विभूती, अंगावर तेच इरकली. दारासमोरच बसवली होती. ज्या दारात बसून तिनं वाट बघितली, त्याच दारात. गल्लीतून मोजकी माणसं आली, तीही बाहेरच उभी राहिली. खांदा कमी पडत होता म्हणून प्रेम पुढे झाला. आप्पांच्या माडीची खिडकी उघडी होती. आत कुणीतरी उभं होतं आणि ते खाली आलं नाही.

त्या दिवशी मी ठरवलं. या माणसाला मी असंच दारात बसवीन. न्हालेला, धुतलेल्या धोतरात, उपाशी. त्याच्याकडे बघत सगळी गल्ली जेवेल, आणि ते बघायला मी तिथं असेन. त्यानंतर मी मुंबईला गेले, मालिका लिहायला लागले, सासवांना सुनांशी भांडवून पोट भरलं, पण हे डोक्यातून गेलं नाही. आणि आता चॅनल मला स्वतःहून सांगत होतं की, बाई, आम्हाला एक रक्त पिणारा म्हातारा लिहून द्या.

मी दिला. माझा व्हॅम्पायर झगा घालून फिरत नव्हता. तो पांढरंशुभ्र धोतर नेसायचा, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून बसायचा, रक्त प्यायल्यावर उपरण्याच्या टोकानं तोंड पुसायचा. कुणी घरी ये म्हटलं की म्हणायचा, "आवतन असंल तर येतो." चॅनलनं मालिकेचं नाव ठेवलं 'रक्ताचं आवतन'. नाव भडक होतं, पण चाललं. लातूरला कॉलेजची पोरं कँटीनमध्ये एकमेकांना "आवतन असंल तर येतो" म्हणायला लागली. नांदेडहून स्वप्नालीचा फोन आला.

"अक्का, हे आप्पाच हायेत."

"हायेत."

"सोड की आता. अव्वा गेली. तिला काय कळणार हाय?"

"मला कळतंय ना," मी म्हटलं आणि फोन ठेवला. स्वप्नालीचा स्वभाव आमच्या अव्वावर गेलाय. माझा, म्हणतात, आप्पांवर गेलाय.

शूटिंगला आम्ही उदगीरच्या किल्ल्यावर गेलो तेव्हा आप्पा स्वतः आले. थकले होते, पण काठी तीच. युनिटनं त्यांना खुर्ची दिली. व्हॅम्पायर झालेला नट मेकअपमध्ये तसाच येऊन त्यांच्या पाया पडला. मी वाट बघत होते. आता चिडतील, काठी उगारतील, चार लोकांत तमाशा होईल, माझ्या जिवाला थंडावा मिळेल.

आप्पांनी मान डोलावली. "पोरी, बेस बसवलंस की त्याला. हुबेहूब."

"आप्पा, तो रक्त पितो माणसांचं."

"पिऊ दे की. समदे उठून उभे ऱ्हायतेत का न्हाई तो आला की? मान हाय त्याला." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "तोंड पुसायचं तेवढं चुकलंय. मी आधी डावीकडनं पुसतो."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पुढचे कित्येक दिवस उदगीरहून बातम्या येत राहिल्या. आप्पा रोज संध्याकाळी मोंढ्यात टीव्हीसमोर चारचौघांना घेऊन बसतात. आमच्या पोरीनं माझ्यावर लिहिलंय, म्हणून सांगतात. गणपतीत एका मंडळानं त्यांना शाल-श्रीफळ दिलं. मी ज्याचं वाटोळं करायला निघाले होते, त्याच्या गळ्यात मी स्वतः हार घातला होता. इतका संताप मला अव्वा गेली तेव्हाही आला नव्हता.

मूळ कादंबरीत शेवटी त्या उमरावाला गाठतात आणि छातीत हत्यार खुपसून संपवतात. दिग्दर्शकाला तेच हवं होतं, रक्ताचा फवारा, किंकाळी. मी अडून बसले. शेवट मी लिहिला तो असा. गावात मोठं जेवण ठरतं. व्हॅम्पायरला रीतसर आवतन जातं. तो न्हाऊन, धोतर नेसून दारात बसतो. आणि बोलावणं जातच नाही. कुणी त्याला मारत नाही, कुणी शिवी देत नाही. सगळं गाव जेवतं, पत्रावळी उचलल्या जातात, आणि तो दारात बसल्या बसल्या वाळून जातो. दिग्दर्शक म्हणाला, यात काय मजा? तो म्हातारा नट मात्र वाचून म्हणाला, मी करेन तर हेच करेन. शेवटी तेच झालं.

भाग दाखवला गेला आणि मोंढ्यातल्या टीव्हीसमोरची खुर्ची रिकामी झाली. आप्पा आजारी आहेत असं म्हणाले लोक. मी कॅलेंडर काढलं आणि अव्वाच्या पुण्यस्मरणाची तिथी बघितली.

आमचं घर उघडलं, चुना लावला, आचारी सांगितला. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी आणि हुग्गी, म्हणजे आमची गव्हाची खीर, अव्वाला फार आवडायची ती. सगळ्या गल्लीला आवतन दिलं. येतील का, असं मला वाटलं होतं. पण मी आता टीव्हीची बाई होते. ज्यांनी अव्वाकडे पाठ फिरवली होती, त्यांनी मला दारातून आत बोलावून चहा पाजला, माझ्याबरोबर मुलांचे फोटो काढून घेतले. आवतनाला मी मुद्दाम विरूपाक्षालाच नेलं. तो आता वाकला होता. "काका, आप्पांच्या दारी आवतन मी देणार," मी म्हटलं. "पण उद्या तिकडं बोलावायला जायचं न्हाई."

विरूपाक्षानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "बरं हाय," म्हणाला. त्या वेळी आप्पांनाही तो असंच म्हणाला असेल.

आप्पा ओट्यावर बसले होते. मी आवतन दिलं. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. शेवटचा भाग त्यांनी पाहिला होता. माणूस लबाड होता, पण मूर्ख कधीच नव्हता.

"येतो," ते म्हणाले. "बोलावणं पाठव, मंजू."

"हो, आप्पा."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात पंगत बसली. पहिल्या ओळीच्या टोकाचा पाट रिकामा होता. लोक त्या पाटाकडे बघत होते आणि पोळीला हात लावत नव्हते. कुणीतरी म्हणालं, "आप्पा यायचे हायेत की." मी म्हटलं, "वाढा. जेवून घ्या." एकेकानं मान खाली घातली आणि जेवायला सुरुवात केली. या लोकांना तेवढं चांगलं जमतं.

मी दारात जाऊन उभी राहिले. गल्लीच्या वरच्या टोकाला आप्पा आपल्या दारात खुर्चीवर बसलेले दिसत होते. कडक धोतर, खांद्यावर रेशमी उपरणं, काठी गुडघ्यांवर आडवी. ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. ते आमच्या दाराकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मला फार बरं वाटलं. उगाच कशाला खोटं बोलू? अव्वा गेल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. आतून हुग्गीचा वास येत होता आणि वारा वरच्या बाजूला होता. म्हणजे तिकडेही जात असणार. मी मनात म्हटलं, ओळखा आप्पा, काय शिजलंय.

तेवढ्यात माझ्या शेजारून कुणीतरी बाहेर पडलं. प्रेम होता. पाण्याचा जग ओट्यावर ठेवून तो गल्लीतून वर चालायला लागला. मला वाटलं, काहीतरी आणायला निघाला असेल. तो सरळ आप्पांच्या दारात जाऊन थांबला.

प्रेमला आमच्या आवतन-बोलावण्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे एकदा या म्हटलं की माणूस येतो, जेवतो. मी त्याला काही सांगितलंही नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तो पंगतीलाच आला नसता. त्यानं बघितलं ते इतकंच, की एक म्हातारा माणूस उन्हात बसलाय आणि त्याला चालवत नसावं. पुढे त्यानंच सांगितलं. आप्पांनी विचारलं, "कुणी पाठवलं तुला?" तो म्हणाला, "कुणी न्हाई. ऊन आलंय की तुमच्यावर. चला, धरा मला." आप्पा हातातली काठी बघत बसले. मग त्यांनी हात पुढे केला.

दोघं गल्लीतून खाली येताना सगळ्यांनी बघितलं. ज्या खांद्यावर अव्वा गेली, त्याच खांद्यावर आप्पांचा हात. उंबऱ्याशी येऊन आप्पा थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी हलले नाही. प्रेम म्हणाला, "या ना, आत या," आणि आप्पा आत आले.

रिकाम्या पाटावर ते बसले. प्रेमनं त्यांना वाढलं, पोळी, कट, हुग्गी, वर तुपाची धार. पाण्याचा तांब्या भरून दिला. आप्पा ते पाणी घटाघटा प्यायले. मला वाटलं, निदान आता लाज तरी वाटेल. पण मागच्या ओळीतून हळूच आवाज आला, "मन किती मोठं हाय बघा आप्पांचं." कुणीतरी मोबाईल काढून फोटो घेतला. दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळपर्यंत ते चित्र सगळ्या उदगीरभर फिरणार होतं, जात मोडणारे बसलिंगप्पा. आप्पांना ते कळत होतं. दुसऱ्यांदा हुग्गी मागून घेताना त्यांची पाठ ताठ झाली होती. माझ्या सबंध सुडाची त्यांनी खीर करून खाल्ली.

स्वप्नाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. आप्पांकडे बघत होती, आणि तिचा चेहरा मी कधीच बघितला नव्हता असा झाला होता.

जेवणं उरकली. मी सुपारीचं ताट घेऊन दारात उभी राहिले. यजमानीण मी. एकेकजण सुपारी उचलून "येतो" म्हणत होता, मी "या" म्हणत होते आणि माणूस पायरी उतरत होता. इतकं साधं असतं ते. "येतो" म्हणणाऱ्याला "या" म्हणायचं, मग तो मोकळा होतो. आमच्या ओट्यावर पाणी पिऊन उठलेल्या आप्पांनाही अव्वानं "या" म्हटलं होतं.

आप्पा आले. उपरण्याच्या टोकानं तोंड पुसलं, आधी डावा कोपरा, मग उजवा. प्रेम त्यांना धरायला मागे उभा होता.

"येतो, मंजू."

मी ताट धरून उभी राहिले.

मागची माणसं थांबली. आप्पांनी सुपारी उचलली होती, ती बोटांत तशीच राहिली. ते जरा मोठ्यानं म्हणाले, "येतो, बरं का."

विरूपाक्ष खाली बघत होता. सगळी गल्ली ऐकत होती. फोटो काढणाऱ्याच्या हातात मोबाईल तसाच होता. आप्पांना सगळ्यांच्या आधी कळलं, कारण असं न बोलून माणसाला कसं बाहेर ठेवायचं हे त्यांनीच या गल्लीला शिकवलं होतं. प्रेम एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. माझ्याऐवजी "या" म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

स्वप्नालीनं त्याचं मनगट धरलं. अव्वावर गेलेली माझी बहीण. घट्ट धरलं, आणि मान हलवली.

आप्पा पायरीपाशीच उभे राहिले. कितीतरी वेळ उभे राहिले. मी त्यांच्या खांद्यावरून हात लांब करून मागच्या पाहुण्यापुढे ताट धरलं आणि त्याला म्हटलं, "या."